सात नंबरचा फॉर्म आणि समुद्रातलं जहाज

पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा. विषय समुद्राचा असला तरी बोलायचंय आपल्याच पाण्याबद्दल आणि मातीबद्दल.

दिवाळीत शेजारच्या वस्तीवरची एक पोरगी घरी आली होती. भूगर्भशास्त्रात संशोधन करतीय, बाहेरगावी असते. फराळ झाला, चहा झाला, मग लॅपटॉप उघडून म्हणाली, "काका, एक अर्ज भरतीय. तुम्ही आयुष्यभर अर्ज लिहिलेत, जरा नजर टाका."

"कसला अर्ज?"

"जहाजाचे दिवस मागायचेत."

मला आधी काही कळेना. मग तिनं सांगितलं. समुद्राचा अभ्यास करायचा तर जहाज लागतं, आणि अख्ख्या देशात अशी मोठी संशोधन जहाजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळं ज्याला समुद्रात काम करायचंय त्यानं आधी अर्ज करायचा. कुठल्या जागी जायचंय, तिथं पाणी किती खोल, कोणतं यंत्र सोडणार, माणसं किती, दिवस किती. सगळ्यांचे अर्ज एकत्र करून समिती बसते, वर्षाचं वेळापत्रक लावते आणि मग कुणाला दहा मागून सहा मिळतात, कुणाला पुढच्या वर्षी या म्हणतात. तिच्या अर्जात शेवटी एक रकाना होता: एवढे दिवस मिळाले नाहीत तर कमीत कमी किती दिवसांत भागेल?

मी हसलो. म्हणलं, अगं हा तर आपला सात नंबरचा फॉर्म!

कालव्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पीक कोणतं, क्षेत्र किती, हे लिहून पाटबंधारेकडं सात नंबरचा फॉर्म भरायचा, कालवा समितीची बैठक व्हायची, आवर्तन ठरायचं. निरा डावा कालवा ब्रिटिशांच्या काळात, १८८५ च्या सुमारास सुरू झाला. तेव्हापासून बारामती-इंदापूरच्या राजकारणाचा निम्मा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतोय: पाणी किती आहे हा नाही, तर कुणाच्या वाट्याला किती दिवस. आमचं रान टेलला. हेडचं भरून झाल्यावर जे उरतं त्यावर आमचे वडील जगले. त्यामुळं पोरीचा अर्ज बघून मला पहिला प्रश्न हाच पडला की या जहाजाच्या आवर्तनात हेडला कोण आणि टेलला कोण?

ते शोधायला मग मागं जावं लागलं. दिवाळीपासून हेच वाचत बसलोय.

पण त्याआधी, तुम्ही विचाराल की भीमेकाठच्या पोरीला समुद्रात काय काम. दोन कामं आहेत. एक, आपली माती. भीमा उजनीतून पंढरपूरला जाते, पुढं कर्नाटकात रायचूरकडं कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात जाते. हजारो वर्षं आपल्या रानांतली काळी माती पुराच्या पाण्याबरोबर तिथं जाऊन थरावर थर बसलीय. आता त्यातली बरीच माती धरणांतच अडते. उजनी १९८० ला झालं. त्याच्या आधीचा थर आणि नंतरचा थर यांत काय फरक पडला, हे समुद्राच्या तळातून चिखलाची कांडी काढल्याशिवाय कळणार नाही. पोरीचा विषय हाच.

दुसरं काम पावसाचं. आपल्याकडं लहानपणापासून शिकवतात की पाऊस अरबी समुद्रावरनं येतो, घाटाला धडकतो आणि आपण घाटाच्या मागं म्हणून कोरडे. ते बरोबरच आहे. पण मग आपल्याला जो पाऊस पडतो, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तो येतो कुठनं? म्हाताऱ्यांना विचारा. मृगावर पेरणी होते, पण विहिरी भरतात उत्तरा-हस्तावर. आपला सगळ्यात जास्त पावसाचा महिना सप्टेंबर, आणि त्या पावसामागं पुष्कळदा असतो तो बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडं सरकणारा कमी दाबाचा पट्टा. म्हणजे सुप्याच्या जिरायती शेतकऱ्याचं ज्वारीचं पीक विशाखापट्टणमच्या पलीकडच्या समुद्रावर ठरतं. समुद्राच्या कातडीचं तापमान उपग्रह बघतो. पण पाच-पन्नास मीटर खाली काय चाललंय हे त्याला दिसत नाही. तिथं आज आपोआप वर-खाली करणारी तरंगती यंत्रं आहेत, पण ती नेऊन सोडायलाही जहाज लागतंच.

आता इतिहास.

स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी संधी आली ती आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची मिळून चाळीसच्या आसपास जहाजं या महासागरात उतरली. अमेरिकेचं एक जहाज होतं, 'अँटन ब्रून', ते आधी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सफरीची नौका होती. आणि आपल्याकडं? आपल्याकडं खोल समुद्रात जाईल असं शास्त्रज्ञांचं स्वतःचं जहाजच नव्हतं. मग नौदलानं एक जुनी युद्धनौका दिली. दुसऱ्या महायुद्धातली, १९४३ ची. तिचं नाव 'आयएनएस किस्तना'. किस्तना म्हणजे इंग्रजांच्या स्पेलिंगातली कृष्णा. आपली भीमा जिला मिळते तीच! देशाच्या समुद्रसंशोधनाची सुरुवात आपल्या नदीच्या नावाच्या, उसन्या घेतलेल्या जहाजावर झाली, हे मला कुठल्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

उसनं ते उसनंच. औत दुसऱ्याचं असलं की वाफसा आपल्या सोयीनं साधता येत नाही. तरी १९६२ ते १९६५ या काळात किस्तनावरून आपल्या लोकांनी बरंच काम केलं. डॉ. एन. के. पणिक्कर हे या कामाचे सूत्रधार. मुंबईला कुलाब्यात हवामानाचं आंतरराष्ट्रीय केंद्र उघडलं, तिथं जहाजांवरच्या नोंदी जमा व्हायच्या. पुण्याची उष्णदेशीय हवामानाची संस्था, आजची आयआयटीएम, त्याच सुमाराची, नोव्हेंबर १९६२ ची. मोहीम संपल्यावर १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जी आज गोव्यात दोना पावलाला आहे, आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. संस्था झाली, पण तिला स्वतःचं मोठं जहाज मिळायला आणखी दहा वर्षं लागली. 'गवेषणी' आलं १९७६ ला.

आता इथं लक्ष द्या. गवेषणीचं नाव पेपरात गाजलं ते कशामुळं? २६ जानेवारी १९८१ ला तिनं हिंदी महासागराच्या तळातून बटाट्याएवढे धातूचे गोळे वर काढले. मॅंगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. त्या जोरावर भारताला खोल समुद्रात खाणकामासाठी राखीव क्षेत्र मिळालं, १९८७ ला दीड लाख चौरस किलोमीटर. याच १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजावर. ९ जानेवारी १९८२ ला तिथं पोचले. मग १९८३ ला जर्मनीत बांधलेलं शंभर मीटर लांबीचं 'सागर कन्या' आलं, पुढच्या वर्षी डेन्मार्कहून मासेमारीच्या अभ्यासासाठी 'सागर संपदा'. देशाची मान उंचावली, यात शंका नाही. मी तेव्हा शाळेत होतो, गुरुजींनी अंटार्क्टिकाचं चित्र फळ्यावर काढलेलं अजून आठवतं.

पण हेड आणि टेलचा हिशेब बघितला तर चित्र असं दिसतं: पहिलं पाणी खनिजाला, मग मासळीला, मग देशाच्या इभ्रतीला. हे चूक होतं असं मी म्हणत नाही. गरीब देश जहाजावर एवढा पैसा घालतो तर त्याला काहीतरी हातात पडलेलं दाखवावं लागतं. निकेलचा गोळा टेबलावर ठेवता येतो. पाऊस का पडला नाही याचं उत्तर ठेवता येत नाही.

पावसाचा प्रश्न घेऊन त्या काळात समुद्रात मोठ्या प्रमाणावर उतरले ते पुन्हा परदेशी लोकांच्या साथीनं. १९७९ च्या 'मोनेक्स' मोहिमेत सोव्हिएत जहाजं होती, अमेरिकी विमानं होती.

आपल्या शास्त्रज्ञांनी, आपल्या जहाजांचे दिवस, आपल्या मान्सूनसाठी मागून घेतले, याचं एक मोठं उदाहरण १९९९ चं. आणि यात एक नाव आहे जे प्रत्येक जिरायती शेतकऱ्याला माहीत असायला पाहिजे. सुलोचना गाडगीळ. माधव गाडगीळ घाटाच्या अहवालामुळं सगळ्यांना माहीत आहेत, सुलोचनाबाई मात्र कमी. मूळच्या पुण्याच्या. हार्वर्डला डॉक्टरेट केली, १९७१ ला परत येऊन काही काळ पुण्याच्या आयआयटीएममध्ये आणि मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य काढलं. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या. १९८४ ला त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की समुद्राचं पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की त्यावर मोठे पावसाचे ढग जमण्याची शक्यता एकदम वाढते. दुसरी गंमत म्हणजे या बाई नुसत्या संगणकापुढं बसणाऱ्या नव्हत्या. कोरडवाहू भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून, पेरणी कधी केली तर फायद्यात राहील याचा हिशेब त्यांनी मांडला.

अशा लोकांनी नव्वदच्या दशकात भारतीय हवामान संशोधन कार्यक्रमाचा आराखडा केला. १९९६ ला आराखडा, १९९८ ला छोटी चाचणी, आणि जुलै-ऑगस्ट १९९९ ला प्रत्यक्ष 'बोबमेक्स'. 'सागर कन्या' उपसागराच्या उत्तरेला, नौदलाच्या संशोधनाचं 'सागरध्वनी' दक्षिणेला. ऐन मान्सूनच्या खवळलेल्या समुद्रात जहाज एका जागी धरून फुगे सोडायचे, पाण्यात यंत्र उतरवायचं, पुन्हा पुन्हा, रात्रंदिवस. उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. त्यामुळं खालचं गार पाणी पटकन वर येत नाही, वरचं पाणी तापलेलं राहतं आणि एक पाऊस झाला की थोड्याच दिवसांत समुद्र पुढच्या पावसाला तयार होतो. हे सगळं कागदावर असणं आणि भर पावसाळ्यात मोजून आणणं यात फरक आहे.

मग आलं २००२. हे साल आपल्याला विसरता येत नाही. हवामान खात्याचा अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. झाला ८१ टक्के. जुलै महिन्यात देशभरात सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस पडला. आमच्या वस्तीवर पेरलेलं बियाणं मातीतच गेलं, दुसऱ्या पेरणीला पैसे नव्हते. आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात 'सागर कन्या' अरबी समुद्रात उभी होती, 'आर्मेक्स' नावाच्या मोहिमेवर. कशासाठी? तर पश्चिम किनाऱ्यावर अतिवृष्टी कशी होते याचा अभ्यास करायला!

मला हे वाचून आधी राग आला, मग हसू. दोन्ही चुकीचं होतं. त्या शास्त्रज्ञांचा यात दोष काहीच नाही. जहाजाचे दिवस कितीतरी आधी मागावे लागतात, तेव्हा पुढचा जुलै कसा जाणार हे कुणाला माहीत? आवर्तन मागितलं उसासाठी आणि तोवर ऊसच वाळून गेला, तसलाच प्रकार. उलट मान्सून रुसतो तेव्हा समुद्रावर काय असतं याची जागेवरची नोंद त्यामुळंच मिळाली. पुढच्या वर्षी सुलोचनाबाई आणि सहकाऱ्यांनी मांडलं की आपल्या दुष्काळाला नुसता प्रशांत महासागरातला एल निनो जबाबदार नसतो, विषुववृत्तीय हिंदी महासागरावर ढग पूर्वेला जमतात की पश्चिमेला, यावरही बरंच ठरतं. पण मोहिमा म्हणजे एका-दोन पावसाळ्यांच्या. दुष्काळ आपल्या सोयीनं येतो. २०१६ ला गोव्याच्या संस्थेच्या नव्या 'सिंधु साधना' जहाजावरून इंग्रज शास्त्रज्ञांबरोबर उपसागराच्या दक्षिण भागात पुन्हा महिनाभर काम झालं, २४ जून ते २३ जुलै. दोन मोठ्या मोहिमांच्या मध्ये आपण इथं किती वेळा टँकर लावले, ते ज्यानं त्यानं आठवावं.

आता मातीकडं परत येतो, कारण सगळ्यात भारी गोष्ट तिथं आहे.

२००६ ला 'जॉयडिस रिझोल्यूशन' नावाचं समुद्रतळ खोदणारं जगप्रसिद्ध जहाज भारत सरकारनं आणलं. एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत, ११३ दिवस, एकवीस ठिकाणी खोदाई. कशासाठी? गॅस. समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात गोठलेला नैसर्गिक वायू शोधायला. म्हणजे पुन्हा हेडचं पाणी इंधनाला. त्यातली एक जागा गोदावरीच्या मुखापुढं होती, पाणी सव्वा किलोमीटर खोल. तिथल्या चिखलाच्या कांडीचा वरचा भाग अभ्यासकांच्या हातात पडला आणि २०१२ ला कॅमिलो पोंटन, लिव्यु जिओसन आणि मंडळींनी त्यातून दख्खनचा दहा हजार वर्षांचा इतिहास वाचला. वाचला कसा? झाडाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. पान कुजतं, मेण मातीबरोबर वाहत समुद्रात जाऊन बसतं. त्या मेणातल्या कार्बनवरून कळतं की त्या काळी नदीच्या खोऱ्यात ओलाव्याची झाडं जास्त होती की कोरड्यात तगणारं गवत. उत्तर असं निघालं की साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून हा मुलूख हळूहळू कोरडा होत गेला, आणि सतराशे वर्षांपूर्वीपासून कोरडाच राहिला. पाच वर्षांनी त्याच कांडीवरून जिओसन यांनी आणखी सांगितलं की मान्सून मंदावला तशी मातीची धूप वाढली आणि पठारावरच्या वाढत्या शेतीनं त्यात भर घातली.

हे वाचताना मला इनामगाव आठवलं. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं खोदलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. त्या लोकांनी पुराचं पाणी वळवायला बांध घातला होता, चर खणला होता. म्हणजे पुणे जिल्ह्यातला कालवा निऱ्याच्याही तीन हजार वर्षं आधीचा म्हणायचा! सुरुवातीला मोठी चौकोनी घरं, शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या, आणि मग गावच उठलं. ढवळीकरांनी कारण सांगितलं होतं, पाऊस कमी झाला. तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. तीस वर्षांनी समुद्राच्या तळातून आलेली साक्ष मोठ्या चित्रात त्याच बाजूची निघाली. आपल्या भीमेची नाही, शेजारणीची, गोदावरीची. आणि एका गावाचं नेमकं काय झालं ते अशी कांडी सांगत नाही. पण साक्ष आहे.

गॅस शोधायला गेलेल्या जहाजानं आपल्या दुष्काळाचा सात-बारा वर आणला. मुद्दाम मागून नाही, उरलेल्या पाण्यावर.

ते जहाजही आता नाही. अमेरिकेनं पैसा थांबवला, २०२४ ला 'जॉयडिस रिझोल्यूशन'चं काम संपलं. आपली 'सागर कन्या' चाळिशी ओलांडून गेलीय. तिच्या जोडीला २००७ पासूनचं इटलीत बांधलेलं 'सागर निधी' आहे. नव्या जहाजासाठी गोव्याच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रानं जुलै २०२४ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीबरोबर करार केला, ८४० कोटींच्या आसपास, मुदत ४२ महिने. पैसा खोल समुद्राच्या मोहिमेतला आहे, आणि त्या मोहिमेत खनिजं आहेतच. आपल्या भागातून निवडून जाणाऱ्यांनी कालव्याच्या बैठकीत जेवढा आवाज चढवलाय त्याच्या शंभराव्या भागाएवढा तरी तिकडं चढवावा आणि विचारावं की या जहाजाच्या वर्षाच्या दिवसांतले मान्सूनला किती, आणि ते दरवर्षी की कधीमधी? मी तरी अजून कुणाला हे विचारताना ऐकलेलं नाही. परदेशी जहाजाला आपल्या दोनशे सागरी मैलांत संशोधन करायचं तर आंतरराष्ट्रीय कायद्यानं सहा महिने आधी अर्ज द्यावा लागतो आणि आपलं सरकार तो बारकाईनं तपासतं. आपल्याच जहाजाचे दिवस कशावर खर्च होतात हेही तेवढंच बारकाईनं बघायला काय हरकत आहे?

तर पोरीचा अर्ज. रात्री दहापर्यंत आम्ही दोघं हिशेब करत बसलो. बाराशे मीटर खोलीवर नळी सोडायची, तार मिनिटाला साठ मीटर सुटते, म्हणजे वीस मिनिटं खाली आणि वीस वर, वर मांडामांड आणि काढाकाढ. नळी वाकडी पडली, रिकामी आली, तर पुन्हा. जहाज चेन्नईत असलं तर कृष्णेच्या मुखापर्यंत रात्रभराची वाट, मुरगावहून निघणार असलं तर श्रीलंकेला वळसा घालण्यातच दिवस जाणार. वारा सुटला तर तेवढा वेळ नुसतं उभं राहायचं आणि ते दिवस कुणी भरून देत नाही. दिवसाचा खर्च लाखांच्या घरात. सगळं धरून तिनं सहा दिवस मागितले.

शेवटच्या रकान्यात, कमीत कमी किती, तिथं तिनं चार लिहिलं.

म्हणलं, "खोड ते. चार लिहिलंस तर चारच देतील. पाटकऱ्याला कमी कधी सांगायचं नसतं."

ती म्हणाली, "काका, त्याच जहाजावर दुसऱ्यांचीही कामं असतात. मी अडून बसले तर मलाच वगळतील."

थोडा वेळ ती स्क्रीनकडं बघत बसली. मग चार खोडून पाच केले आणि अर्ज पाठवून दिला.